एका काठीच्या दोन सावल्या: कोकणातले शाफई-हनफी मतभेद समजून घेताना

रत्नागिरीतल्या एखाद्या मोकळ्या अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवा. २१ मार्चच्या सुमारास दुपारी पाऊण वाजता तिची सावली सगळ्यात आखूड असेल, साधारण ३० सेंटिमीटर. तिथे खडूने खूण करा. त्यानंतर सावली पूर्वेकडे लांबत जाते. ती १३० सेंटिमीटरला पोचली की शाफई परंपरेच्या मुसलमानासाठी असरच्या म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची वेळ सुरू होते. हनफी परंपरेचा मुसलमान मात्र ती २३० सेंटिमीटर होईपर्यंत थांबतो. घड्याळात बघितलं तर पहिली वेळ चारच्या थोडी पुढे आणि दुसरी पाचच्या थोडी पुढे. काठी तीच, सूर्य तोच, पण मधे एक तास.

हिशेब असा: काठीची दुपारची सावली अधिक काठीची उंची, ही शाफई वेळ. दुपारची सावली अधिक काठीची दुप्पट उंची, ही हनफी वेळ. यात हमखास होणारी चूक म्हणजे दुपारची सावली मिळवायची राहून जाते. डिसेंबरच्या अखेरीस रत्नागिरीत एक मीटरच्या काठीची भरदुपारची सावलीच ८५ सेंटिमीटर असते. तेव्हा कोणी 'सावली काठीएवढी झाली' म्हणून १०० सेंटिमीटरवर असर पढला, तर तो दोन वाजायच्या आतच पढून मोकळा झाला. खरी वेळ पावणेदोन तास लांब होती. वेळेआधीची नमाज होतच नाही, ती पुन्हा पढावी लागते. याउलट मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तेव्हा, मिळवायला काहीच नसतं. तेव्हा १०० आणि २०० हे आकडे जसेच्या तसे लागू पडतात.

हे कळलं की शेजारचा हिंदू माणूस एक सरळ प्रश्न विचारतो, आणि मोहल्ल्यातला शिकलेला तरुणही तोच विचारतो: कुराण एक, पैगंबर एक, मग वेळा दोन कशा? प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना 'ते चुकीचे, आम्ही बरोबर' असं म्हणून भागत नाही, आणि 'सगळं सारखंच हो' म्हणूनही भागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी छापलेली असते. तिथि एकच, पण ती कधी धरायची याचा नियम दोन परंपरांचा वेगळा. मसलकांचा म्हणजे धर्मपरंपरांचा फरक बराचसा त्याच जातीचा आहे.

दोन वाटांनी आलेले दोन इमाम

सुन्नी इस्लाममध्ये धर्मशास्त्राचे म्हणजे फिकहचे चार मजहब म्हणजे परंपरा टिकल्या. इमाम अबू हनीफा कूफ्याचे, निधन इसवी सन ७६७. इमाम मालिक मदिनेचे, निधन ७९५. इमाम शाफई यांचं निधन इजिप्तमध्ये ८२० साली झालं आणि इमाम अहमद बिन हंबल यांचं बगदादमध्ये ८५५ साली. शाफईंनी मालिककडे धडे घेतले आणि अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद शैबानी यांच्याकडेही. म्हणजे मतभेद आहेत ते एकमेकांची पुस्तकं न वाचलेल्या माणसांचे नाहीत.

हनफी मजहब हिंदुस्थानात मुख्यतः खुष्कीच्या मार्गाने, मध्य आशियातून आला. शाफई मजहब गलबतांतून आला. म्हणूनच अरबी समुद्र आणि हिंदी महासागराच्या काठांवर तो आजही दिसतो: येमेन, पूर्व आफ्रिका, कोकण, भटकळ, मलबार, श्रीलंका, इंडोनेशिया. अरब प्रवासी मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या आसपास, सैमूरला म्हणजे आपल्या चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पंधराव्या शतकात माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, तेही शाफईच. कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई आहेत आणि घाटावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे चिपळूण, खेड, महाडसारख्या बाजाराच्या गावांत दोन्ही पद्धती एका रस्त्यावर भेटतात.

दोन्ही मजहबांचे आधार तेच चार: कुराण, हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, इज्मा म्हणजे जाणकारांचं एकमत, आणि कियास म्हणजे तुलनेने काढलेला निष्कर्ष. फरक पडतो तो पुढे. एका शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर कोणता घ्यायचा? सांगणाऱ्यांच्या एकाच साखळीतून आलेली हदीस रोजच्या व्यवहाराच्या बाबतीत किती वजनाची धरायची? हनफी म्हणतात, जी गोष्ट सगळ्यांना रोज लागते ती एकट्या माणसाने सांगितलेली असेल तर जरा जपून. शाफई म्हणतात, साखळी पक्की असेल तर हदीस मान्य, मग ती एकट्याची का असेना. या एका फरकातून अनेक फांद्या फुटल्या आहेत.

कुर्ली, कोलंबी आणि उताणा मासा

कोकणात हा वाद सगळ्यात जिवंत आहे तो ताटात, म्हणून इथे जरा थांबू.

कुराणाच्या पाचव्या सूरेतली ९६ वी आयत सांगते की समुद्राची शिकार आणि त्याचं खाद्य तुमच्यासाठी हलाल आहे. यातला अरबी शब्द 'सैद'. शाफई म्हणतात, सैद म्हणजे शिकार केलेली वस्तू, म्हणजे समुद्रातले सगळे जीव. हनफी म्हणतात, सैद म्हणजे शिकार करण्याची क्रिया. ती क्रिया हलाल, पण म्हणून सापडलेला प्रत्येक जीव खाण्यायोग्य ठरत नाही. मराठीतही 'शिकार' शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत: 'शिकारीला गेला' आणि 'शिकार घेऊन आला'. वाद नेमका तेवढ्याच फटीतून आत शिरतो.

दुसरा आधार एका हदीसचा आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ती आपलीच वाटावी अशी आहे. समुद्रावर जाणाऱ्या एका माणसाने पैगंबरांना विचारलं: आम्ही गलबतात गोडं पाणी थोडंच घेतो, त्याने वजू (नमाजेआधी हातपाय धुणं) केला तर तहानेने मरू, मग समुद्राच्या पाण्याने वजू करावा का? उत्तर मिळालं: त्याचं पाणी पाक करणारं आहे आणि त्यातलं मेलेलं हलाल आहे. शाफईंनी 'मेलेलं' हा शब्द सर्व समुद्री जिवांना लावला. हनफींनी तो दुसऱ्या हदीसबरोबर वाचला, जिच्यात 'दोन मेलेल्या गोष्टी आपल्याला हलाल, मासा आणि टोळ' असं म्हटलं आहे. म्हणून त्यांच्याकडे समुद्रातून फक्त मासाच चालतो. शिवाय किळसवाण्या गोष्टी हराम असल्याची आयत ते शिंपले, माकुल, खेकडा यांना लावतात.

आता बाजारातल्या टोपलीत बघू. सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील सगळ्या सुन्नींना चालतात, आणि मासा जबेह करावा म्हणजे विधीपूर्वक कापावा लागत नाही. तिसऱ्या, कालवं, माकुल, शेवंड शाफई घरात शिजतात, हनफी घरात नाही. कोलंबीवर तर हनफी आलिमांत म्हणजे धर्मपंडितांतच दोन पक्ष आहेत, कारण प्रश्न असा उभा राहतो की कोलंबी मासा आहे का? प्राणिशास्त्र म्हणतं, नाही, तिला कणाच नाही. पण जुन्या अरबी कोशकारांनी तिला लहान मासाच म्हटलं आहे. मजहबाचा शब्द लोकांच्या बोलीप्रमाणे लावायचा की प्रयोगशाळेप्रमाणे? बोलीच्या बाजूने जाणारे कोलंबी खातात, सावध राहणारे टाळतात. मराठीतही आपण तिला मासळीच म्हणतो आणि मासळी बाजारातच विकतो, हे ध्यानात घ्या.

कुर्लीचं गणित आणखी अवघड आहे, आणि इथे 'शाफईंना सगळं चालतं' हे सोपं वाक्य मोडतं. तेराव्या शतकातले शाफई इमाम नववी यांनी एका ग्रंथात लिहिलं की जो जीव जमिनीवरही जगतो आणि पाण्यातही, जसा बेडूक, खेकडा, साप, तो हराम. दुसऱ्या मोठ्या ग्रंथात त्यांनीच म्हटलं की बेडूक सोडल्यास समुद्रातलं सगळं हलाल, हे मत योग्य. मग खरं काय? अभ्यासक दोन्ही विधानांचा मेळ असा घालतात की बंदी आहे ती खरोखर दोन्हीकडे जगणाऱ्या जिवाला. पावसाळ्यात शेताच्या बांधावर बिळं करून राहणारे मुठे त्या व्याख्येत बसतात. समुद्रातली कुर्ली बसते का? सुतळीने बांधलेली कुर्ली टोपलीत दिवसभर हलते, म्हणून लोक म्हणतात की बघा, जमिनीवर जगतेय. पण ते जगणं नव्हे. तिच्या कल्ल्यांत ओल असेपर्यंत ती श्वास ओढते, ओल गेली की मरते. शाफई ग्रंथ हाच फरक करतात: पाण्याबाहेर काही काळ तडफडणं म्हणजे जमिनीवर जगणं नाही. म्हणून काही शाफई घरांत समुद्राची कुर्ली शिजते, काहींत पहिल्या ग्रंथाचं मत धरून शिजत नाही. दोघेही शाफईच.

एक बारकावा खलाशांच्या कामाचा. आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासा हनफींना चालत नाही, शाफईंना चालतो. हनफी ग्रंथांनी खूणही दिली आहे: पोट वर असेल तर तो आपोआप मेलेला, पाठ वर असेल तर खावा. यावरून कोणी विचारतं की मग जाळ्यात मेलेली किंवा होडीच्या खणात बर्फाखाली मेलेली मासळी? ती हनफींनाही हलालच, कारण तिच्या मरणाला बाहेरचं कारण आहे: जाळं, गारठा, गर्दी. अडचण फक्त कारणाशिवाय मेलेल्या माशाची.

शिया जाफरी परंपरेत नियम तिसराच: खवले असलेला मासा चालतो, कोलंबी चालते, खेकडा आणि शिंपले नाहीत. जेवायला बोलावताना म्हणूनच 'तुम्हाला मासे चालतात ना?' एवढं विचारून पुरत नाही. कोलंबी आणि कुर्ली वेगळी विचारावी. त्यात कोणालाच वाईट वाटत नाही.

वजू: एक अक्षर, एक थेंब, एक स्पर्श

नमाजेआधी हातपाय धुण्याची आयत पाचव्या सूरेत सहावी. तिच्यात 'आपल्या डोक्याला ओला हात फिरवा' असं आहे, आणि 'डोक्या'च्या आधी अरबीतलं 'बा' हे अक्षर लागलं आहे. हे अक्षर 'काही भाग' दाखवतं म्हणून शाफईंना डोक्याच्या थोड्या केसांवर ओला हात फिरला तरी पुरतं. हनफी पाव डोकं मोजतात. मालिकी पूर्ण डोकं. एका अक्षरावर तीन मतं. शाफईंकडे वजूची नियत म्हणजे संकल्प मनात असणं आणि अवयवांचा क्रम पाळणं फर्ज म्हणजे अनिवार्य आहे, हनफींकडे ते सुन्नत म्हणजे इष्ट आहे.

वजू मोडतो कशाने, इथे दोघे अगदी उलट दिशेला जातात. विळीवर मासे कापताना बोट कापलं आणि रक्त वाहिलं तर हनफीचा वजू मोडला. शाफईचा मोडला नाही, फक्त रक्त धुवायचं. बायकोच्या हाताला हात लागला तर शाफईचा वजू मोडला, हनफीचा नाही. कारण त्याच आयतीत 'स्त्रियांना स्पर्श केला असेल' असे शब्द आहेत. शाफई ते शब्दशः घेतात. हनफी म्हणतात, हा शारीरिक संबंधासाठी वापरलेला सभ्य शब्द आहे. हनफींचा पुरावा म्हणजे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची हदीस: पैगंबर रात्री नमाज पढताना सजद्यात म्हणजे कपाळ टेकताना त्यांच्या पायाला हाताने खूण करत. शाफई उत्तर देतात की मधे कापड असू शकतं.

आता फसगत कुठे होते ते बघा. एका माणसाचं बोट कापलं. तो म्हणाला, शाफईंत रक्ताने वजू मोडत नाही. मग बायकोच्या हातून पट्टी बांधून घेतली आणि म्हणाला, हनफींत स्पर्शाने मोडत नाही. आणि थेट नमाजेला उभा राहिला. शाफईंच्या हिशेबाने त्याचा वजू स्पर्शाने गेला, हनफींच्या हिशेबाने रक्ताने गेला. दोन्ही मजहबांत एकही इमाम असा नाही जो त्याची नमाज झाली म्हणेल. याला तलफीक म्हणतात. दुसऱ्या मजहबाचं मत अडचणीत घेता येतं, पण मग त्या कृतीपुरत्या त्याच्या अटीही घ्याव्या लागतात. सोय तेवढी उचलायची आणि अट सोडायची, असं करता येत नाही.

पाण्याचंही तसंच. शाफईंकडे 'दोन कुल्ले' हे माप आहे, आजच्या हिशेबाने साधारण २१६ लिटर, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल हौद. काही आलिम थोडं कमी धरतात. एवढ्या पाण्यात घाण पडली तरी रंग, वास किंवा चव बदलेपर्यंत ते नापाक होत नाही. कमी असेल तर थेंबानेही होतं. घरोघरी दिसणारं २०० लिटरचं निळं पिंप काठोकाठ भरलं तरी २१६ च्या मापाला थोडं कमीच पडतं, म्हणून त्यात हात बुडवून वजू करण्यापेक्षा मगने पाणी काढून करावा. हनफींचं माप पृष्ठभागाचं: दहा हात बाय दहा हात, म्हणजे सुमारे २२५ चौरस फूट. बऱ्याच जुन्या मशिदींतले हौज एवढे ऐसपैस का, याचं कारण या मापात सापडतं.

प्रवास आणि पाऊस

सुमारे ८० किलोमीटरच्या पुढे प्रवास असेल तर चार रकातींच्या म्हणजे आवर्तनांच्या नमाजा दोन करता येतात, यावर दोघांचं जवळपास एकमत आहे. पण रत्नागिरीचा माणूस दहा दिवस राहायचं ठरवून मुंबईला गेला तर? शाफईंकडे पूर्ण चार दिवस राहायची नियत केली की तो मुसाफिर राहत नाही, म्हणून त्याने तिथे पूर्ण नमाज पढायची. हनफींची मर्यादा पंधरा दिवसांची, म्हणून तो दोनच पढणार. शाफईंना जुहर-असर या दुपारच्या आणि मगरिब-ईशा या संध्याकाळ-रात्रीच्या नमाजा जोडून पढण्याची मुभा प्रवासात आहे. हनफी ती फक्त हजमध्ये, अरफात आणि मुजदलिफा इथे मानतात. शाफईंकडे पावसातही जोडून पढण्याची सवलत आहे, पण अटी कडक: जमातीने मशिदीत पढायचं, घर लांब असायला हवं, कपडे भिजतील इतका पाऊस हवा, आणि तो दोन्ही नमाजांच्या सुरुवातीला पडत असायला हवा. दुसरी नमाज पहिलीच्या वेळेत ओढता येते, पहिली दुसरीच्या वेळेत ढकलता येत नाही. जुलैतल्या मगरिबला खाडीपलीकडून आलेल्या माणसासाठी ही सवलत कामाची आहे. घरी एकट्याने पढणाऱ्याला ती नाही.

चाँद दिसला का?

चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणून महिना २९ चा की ३० चा हे २९ तारखेच्या मगरिबला ठरतं. कोकणाला पश्चिमेला मोकळं क्षितिज आहे, पण समुद्रावरची वाफ आणि पावसाळ्यातले ढग आड येतात. शाफईंकडे रमजान सुरू करायला एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते, ईदसाठी दोन लागतात. हनफी आभाळ ढगाळ असेल तर तसंच करतात, पण आभाळ स्वच्छ असेल तर दोन-चार माणसांवर न थांबता बऱ्याच लोकांनी पाहिलेला चंद्र मागतात. तर्क सरळ आहे: इतक्या स्वच्छ आभाळात एकालाच कसा दिसला?

दरवर्षीचं भांडण मात्र वेगळंच असतं. आखातातल्या मुलाचा फोन येतो, 'आमच्याकडे उद्या ईद', आणि गावात अजून एक रोजा बाकी असतो. मक्केत सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वादोन तास उशिरा मावळतो. तेवढ्यात चंद्र सूर्यापासून आणखी अंशभर दूर सरकतो, आणि कोवळ्या चंद्रकोरीच्या बाबतीत एक अंश खूप असतो. सूर्यापासून साधारण सात अंशांच्या आत ती दुर्बिणीनेही हाती लागत नाही. म्हणून पश्चिमेला आधी दिसणं स्वाभाविक आहे. शाफई मत असं की प्रत्येक प्रदेशाचं क्षितिज त्याच्यापुरतं. आधार आहे कुरैब यांची हदीस: शाममध्ये म्हणजे सीरियात चंद्र शुक्रवारच्या रात्री दिसला, मदिनेत शनिवारच्या, आणि पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बासांनी शामच्या चंद्रावर मदिनेचे रोजे सोडायला नकार दिला. हनफींच्या जुन्या मतात एका ठिकाणचा चंद्र सगळ्यांना लागू होतो. गणिताने ठरवावं म्हणणारेही आहेत, तुर्कस्तानात तसंच चालतं. चौदाव्या शतकातले शाफई आलिम तकीउद्दीन सुब्की यांनी मधला रस्ता दाखवला होता: गणित सांगत असेल की आज चंद्र दिसणं अशक्य आहे, तर दिसल्याची साक्ष नाकारावी. आम्हाला हा रस्ता सगळ्यात शहाणा वाटतो, कारण तो डोळ्यालाही मान देतो आणि आकाशालाही.

रमजानच्या मधेच आखातातून गावी आलेल्याने काय करायचं? शाफई नियम: जिथे आहात तिथल्या लोकांबरोबर. त्याने एक दिवस आधी सुरू केलं असेल तर त्याचे ३१ रोजेही होऊ शकतात. तेही धरायचे. उलट दिशेने गेलेल्याचे २८ झाले आणि तिथे ईद झाली तर ईद करायची आणि नंतर एक रोजा भरून द्यायचा.

दर्गा: इथे वाद वेगळ्या मजल्यावरचा

आतापर्यंतचे वाद कृतीचे होते. दोन्ही बाजू एकमेकांना मुसलमान मानूनच ते घालतात. दर्ग्याचा वाद श्रद्धेवर जातो, म्हणून तो जास्त लागतो. रत्नागिरीजवळ हातिसच्या पीर बाबरशेखांच्या उरुसाला हिंदूही तितक्याच श्रद्धेने येतात. तिथे नेमका वाद कशाचा, हे वेगवेगळं करून बघावं. कबरीला भेट देणं आणि मृतासाठी दुवा मागणं सगळ्यांना मान्य. कबरीसमोर सजदा सगळ्यांना अमान्य, दर्गे मानणाऱ्या बरेलवी पंथाच्या आलिमांनाही. वाद मधल्या पायऱ्यांवर आहे: 'हे अल्लाह, या वलीच्या (संताच्या) पुण्याईने दे' असं मागणं, आणि 'हे पीर, तू दे' असं थेट मागणं. पहिल्याला बरेच जण मान्यता देतात. दुसऱ्याला मजहब न मानता थेट हदीसवर चालणारे अहले हदीस शिर्क म्हणजे अल्लाहला भागीदार जोडणं म्हणतात, देवबंदी पंथाचे लोकही कडक विरोध करतात, आणि बरेलवी सांगतात की देणारा अल्लाहच, वली फक्त वसीला म्हणजे माध्यम. चादर, संदल, उरूस हे बिदअत म्हणजे नवी भर आहेत का? एक हदीस सांगते, प्रत्येक बिदअत गुमराही म्हणजे वाट चुकणं आहे. तेराव्या शतकातल्या इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम या शाफई आलिमांनी बिदअतीचे पाच प्रकार पाडले, वाजिब म्हणजे आवश्यक इथपासून हरामपर्यंत, आणि नववींनी ते उचलले. कोकणी शाफई परंपरा दर्ग्याशी सलोख्याने राहिली, त्यामागे ही विभागणी आहे.

बायकांनी दर्ग्याच्या आतल्या गाभाऱ्यात जावं का, हा वाद न्यायालयात गेला. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी रद्द केली आणि पुढे विश्वस्तांनी सर्वोच्च न्यायालयात प्रवेश द्यायचं मान्य केलं.

तीन शब्द

एका दमात तीनदा तलाक म्हटला तर? चारही सुन्नी मजहबांच्या प्रस्थापित मतात तो तीन धरला जातो. हनफी त्याला गुनाह म्हणतात, तरी लागू मानतात. शाफई ग्रंथ तर गुनाहही म्हणत नाहीत, फक्त बरं नव्हे म्हणतात. पण एक हदीस इब्न अब्बासांची आहे: पैगंबरांच्या काळात, पहिले खलिफा अबू बकर यांच्या काळात आणि दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांत तीन हे एकच धरले जात. लोक घाईला लागले म्हणून उमर यांनी ते तीन म्हणून लागू केले. हंबली आलिम इब्न तैमिया आणि अहले हदीस याच आधारावर एकच तलाक मानतात. शिया तर अशा तलाकाला तीन मानतच नाहीत.

चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या समाजसुधारक हमीद दलवाईंनी हा प्रश्नच वेगळ्या जागी नेला. हदीस कोणती पक्की हे विचारत न बसता त्यांनी विचारलं की नागरिक म्हणून बाईचा हक्क काय. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन ते मुंबईत विधिमंडळावर गेले आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तात्काळ तलाक रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला.

इथे कायदा आणि फिकह यांच्या मधे बाई अडकते, आणि हे आम्हाला मनापासून खुपतं. नवऱ्याने तीनदा म्हटलं. कायद्याने काही झालंच नाही, ती अजून त्याची बायको आहे, खर्ची मागू शकते, लहान मुलांचा ताबा मागू शकते, ती स्वतः किंवा तिचे रक्ताचे वा सासरचे नातलग पोलिसांत तक्रार करू शकतात. पण घरातले शाफई किंवा हनफी मतावर चालणारे असतील तर ते म्हणतात, आता त्या घरात राहणं हराम. ती माहेरी येते आणि वर्षानुवर्षं ना इकडची ना तिकडची राहते. अशा वेळी तोंडी फतव्यावर दुसरं लग्न लावून देणं हीच मोठी चूक होते, कारण कागदोपत्री पहिलं लग्न उभं असतं आणि दुसरं बेकायदा ठरू शकतं. आधी कागद करून घ्यावा. दोघांना वेगळं व्हायचं असेल तर मुबारात, म्हणजे परस्पर संमतीने विभक्त होणं, लेखी, दोन साक्षीदारांसह. तिलाच सुटायचं असेल आणि तो राजी असेल तर खुला, तोही लेखी, मेहेरचं काय ठरलं ते त्यातच नोंदवून. तो सहीच देत नसेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली न्यायालयात अर्ज. दोन वर्षं खर्ची न देणं, क्रूरपणे वागवणं, चार वर्षं ठावठिकाणा नसणं ही कारणं त्यात स्पष्ट दिली आहेत. निकाहनामा, आधार कार्ड आणि त्याने पाठवलेले संदेश जपून ठेवावेत, आणि मोबाईल बदलण्याआधी त्या संदेशांची छापील प्रत काढून घ्यावी.